अकरा ते साडेअकरा कुकर बंद

आमच्या जिन्यात चार महिने एक कागद चिकटवलेला होता : 'रोज अकरा ते साडेअकरा कुकर, मिक्सर आणि शिंका बंद. सहकार्याबद्दल आभार.' खाली सही वरच्या मजल्यावरच्या अण्णा कानड्यांची. वय बहात्तर. शिंक कशी बंद करायची, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

अण्णा गिटार वाजवतात. गाणी स्वतःच लिहितात, स्वतःच गातात. बुंदेली ठेका, मराठी शब्द, मागे ड्रम. याला फोक-रॉक म्हणतात, असं त्यांनीच मला सांगितलं. खासगी बाजार या आमच्या मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाला माहीत असण्याचा संभव नाही. तरुणपणी त्यांचे दोन अल्बम आले. तिसरा 'यंदा येणार' हे मी सहा वर्षं ऐकत होतो. विचारलं की ठरलेलं उत्तर : "ऐसं आहे भाऊसाहेब, पक्कं नाही झालं अजून."

यंदा खरोखरच रेकॉर्डिंग सुरू झालं. पलंगावरच्या गाद्या भिंतीला उभ्या राहिल्या. मी वेळ लावून पाहिली आहे : गिटार सुरात लावायला पंचवीस मिनिटं, गायला चार, आणि उरलेल्या एका मिनिटात खाली येऊन गुन्हेगार शोधणं.

"भाऊसाहेब, तुमची चप्पल ऐकू आली!"

"अण्णा, मी अनवाणी आहे."

"तर मग वहिनींची असेल."

शेवटच्या गाण्याचे सतरा टेक झाले. त्यातले तीन माझ्या खोकल्यानं बिघडवले, दोन दूधवाल्यानं आणि एक पोपटानं. पोपट आमचा नव्हता, हे मला दोनदा सांगावं लागलं. हिचा कुकर अर्धा तास पुढे गेला, माझं जेवणही. पाटणकर बाजारात माझं घड्याळांचं दुकान आहे. ते चार महिने रोज अर्धा तास उशिरा उघडलं.

अखेर अल्बम आला. नऊ गाणी. मी सगळी ऐकली. आमचा त्याग कसा वाजतो ते पाहायचं होतं. शेवटच्या गाण्यात, दोन मिनिटं चौदा सेकंदांवर, कुकरची शिट्टी. मग दुसरी. मग तिसरी.

मी मोबाइल घेऊन तडक वर गेलो.

"अण्णा, चपलेसाठी टेक फेकलात, आणि इथे अख्खा कुकर?"

अण्णांनी गिटार बाजूला ठेवली. "हे आत्ताचं नाही. सहा वर्षांपूर्वीचं आहे. सुमनचा कुकर."

सुमनवहिनी त्याच वर्षी गेल्या. त्यानंतर वर कुकर लागलेला नाही, अण्णांना डबा येतो. मी टेक मोजले, खोकले मोजले. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि ते सतरा टेक?"

"याच गाण्याचे. शेवटचे काही एकदम साफ आले."

"मग?"

"साफच आले ना, भाऊसाहेब."

मी निघालो. दारापाशी त्यांनी हाक मारली. "वहिनींना म्हणा, आता कुकर अकरालाच लावत जा. तीन शिट्ट्या, बस."

खाली येऊन मी हिला तसंच सांगितलं. आमच्या डाळीला चार लागतात. दुसऱ्या दिवशी हिनं तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला. वरण जरा कच्चं राहिलं होतं. मी ते सगळं संपवलं आणि वेळेवर दुकान उघडलं.