हेखालाचा पडदा आणि माझं हिब्रू

माळ्यावर चढायचा मला कंटाळा आला, एवढंच झालं. पुढचं सगळं त्या कंटाळ्यातून निघालं.

प्रार्थनेचं पुस्तक माळ्यावरच्या पेटीत होतं आणि आमची मंडळी, सिपोराबाई, खाली पांढरं रेशीम पसरून बसली होती. "अहो, अक्षरं तेवढी काढून द्या. त्यावरनं मी जरतार भरीन. पण आधी पुस्तक खाली काढा."

"पुस्तक कशाला?" मी म्हणालो. "हिब्रू माझ्या बोटांत आहे!"

(बोटांत त्या वेळी तपकीर होती.)

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल. वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. मी घाणा सोडला आणि कलेक्टर कचेरीत शाई गाळू लागलो. आमच्या प्रार्थनेच्या घराला आम्ही मशीदच म्हणतो. ठाण्यातली मशीद तेव्हा नवी होती, बांधून दोन वर्षं झालेली. तिथं पवित्र तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, ज्या कपाटात ठेवतात ते हेखाल, आणि त्याच्यावर पडदा असतो.

त्या पावसाळ्यात आमची मुलगी रिबका चौदा दिवस तापानं पडली होती. पंधराव्या दिवशी तिनं पेज मागितली. तेव्हा सिपोराबाईनं सांगितलं, की तिनं नवस बोलला होता: पोर उठली, तर नव्या वर्षाच्या सणाला हेखालाला पांढरा पडदा शिवून देईन, माझ्या आईच्या लुगड्याचा. तिची आई जाऊन सहा वर्षं झालेली. मोठ्या उपासाच्या दिवशी ती हे रेशमी लुगडं नेसायची. तिचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

मी निळ्या खडूनं हिब्रूत ओळ काढली: परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक आहे. दोन महिने सिपोराबाई ती भरत होती. सकाळी स्वयंपाक, मग हात राखेनं घासायचे, नखांतली हळद जाईपर्यंत पुन्हा घासायचे, आणि मगच सुई धरायची. त्या दिवसांत आमटीतली हळदसुद्धा कमी झाली. मी एकदा तक्रार केली, तेव्हा तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. सण येईपर्यंत मी पांढरी आमटी जेवलो.

सणाच्या आदल्या दिवशी तिनं चिकाचा हलवा करायला घेतला. गहू तीन दिवस भिजवून, वाटून काढलेला चीक, नारळाचं दूध आणि साखर. सणाच्या साफसफाईत तिनं स्वतःच माळ्यावरची पेटी उतरवली होती. पुस्तक झटकता झटकता ती थांबली.

"अहो, इकडे या. आपल्या ओळीतलं शेवटचं अक्षर इथं मोठ्या ठशात छापलंय. त्याला मागे टोक आहे. तुमचं नुसतंच वाकलंय."

तिला अक्षरओळख नव्हती. पण दोन महिने त्या अक्षरांच्या कडेकडेनं तिची सुई फिरली होती.

"छापखान्याची चूक," मी म्हणालो.

"मोठ्या ठशात?"

मी पडदा पंच्यात गुंडाळला आणि काखेत मारून हजानांकडे गेलो. मोशे हजान म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणारे, कोचीनकडचे वृद्ध गृहस्थ. सिपोराबाईनं रिबकाला चुलीशी हलवा ढवळायला बसवलं आणि तीही मागोमाग आली. हजानांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"हे 'एहाद' पाहिजे. एहाद म्हणजे एक," ते म्हणाले. "इथं 'आहेर' झालंय."

"आहेरच आहे!" सिपोराबाई आनंदानं म्हणाली. "माझ्याकडनं मशिदीला."

"बाई, हिब्रूत आहेर म्हणजे दुसरा. परमेश्वर आमचा देव, परमेश्वर दुसरा."

 सिपोराबाईनं पडद्यावर हात ठेवला आणि ती रडेल असं मला वाटलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "टोक केवढं पाहिजे?"

"तांदळाच्या दाण्याएवढं. पण सूर्य बुडायच्या आत. मग सण लागतो, सुई धरता येणार नाही."

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती आणि हलवा आळायला लागला होता. चिकाचा हलवा क्षणभर सोडता येत नाही, आणि सुई तिच्याशिवाय कोणाला धरता येत नव्हती. तिनं दमलेल्या रिबकाच्या हातातलं उलथनं माझ्या हातात दिलं. "एकाच बाजूनं ढवळा. थांबू नका."

मी ढवळू लागलो. ती दारातल्या उजेडात बसली. हलवा फदफदत होता.

"खरं सांगा," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्हाला हिब्रू येतं का?"

"अर्धं."

"कुठलं अर्धं?"

"सुरुवातीचं." मग मला राहवेना. "मशिदीत मी नुसते ओठ हलवतो. मनात तालुके म्हणतो. वाडा, शहापूर, मुरबाड, कल्याण. आवाज चढला की पनवेल."

तिची सुई थांबली. "अहो, वरच्या गॅलरीतनं मी तुमच्या ओठांकडे बघून ओठ हलवते."

"अगं, पण..."

"आणि माझ्याकडे बघून बाकीच्या बायका."

दोन वर्षं ठाण्याच्या साऱ्या यहुदी बायका देवाला अख्खा ठाणे जिल्हा ऐकवीत होत्या! मला हसावं की तोंड लपवावं कळेना. ती मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "ताप चढलेला तेव्हाही मी तेच म्हटलं. वाडा, शहापूर, म्हणजे तुमचे ओठ जसे हलले तसं. आणि पोर उठली."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. तिनं धागा दातानं तोडला, टोकावरनं अंगठा फिरवला. तांदळाएवढा सोनेरी दाणा. "एक," ती म्हणाली. तेवढ्यात जळका वास आला.

मी थांबलो होतो. हलवा थांबला नव्हता.

संध्याकाळी पडदा हेखालावर चढला. दिव्यांच्या उजेडात ते रेशीम किंचित हललं आणि सिपोराबाई गॅलरीत पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. त्या दिवशी मी तालुके म्हटले नाहीत. एवढंच म्हटलं: एहाद. तेवढं आता मला पक्कं येत होतं.

प्रार्थनेनंतर हजान आमच्याकडे आले. हलव्याचा तुकडा त्यांनी दातात धरला, काढला, पुन्हा धरला. शेवटी खिशात ठेवला.

"बाई," ते हळुवारपणे म्हणाले, "शिवणापायी स्वयंपाकाकडे दुर्लक्ष झालं वाटतं."

"हलवा यांनी केलाय," सिपोराबाई म्हणाली.

हजानांनी खिशातला तुकडा चाचपला.

"असं होय," ते म्हणाले. "मग त्या मानानं तुमचं हिब्रू बरंच चांगलं म्हणायचं."