यल्लप्पा अण्णाच्या छातीतली शिफ्ट

शिंक आली की नाक दाबून बसणारा माणूस आमच्या शुक्रवार पेठेत एकच, यल्लप्पा अण्णा. डोळे बाहेर यायची येळ येती, पण गडी शिंकत न्हाय. मला वाटायचं, नाकातली फुकटची लस सांडू ने म्हणून!

डांग्या खोकल्याची नवी लस. सुई न्हाय. जिते जंतू, पण कमजोर केलेले, नाकात सोडायचे. तपासून बघायला दवाखान्याला मोठी माणसं पायजे होती. अण्णाच्या आधी मी गेलतो की! डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, मी खोकलो, बाई दचकल्या.

"दिवसाला बिड्या किती?"

मी मोजतोय तवर त्यांनी पुढच्याला हाक मारली. पुढं अण्णा!

तवापासनं गडी नाक वर करून चालतोय. जलम टॉवेलच्या कारखान्यात गेला, म्हणून बोलणंबी तसलंच. "नाकात जंतू उतरला की फुप्फुसात भोंगा होतोय. आतले शिपाई शिफ्टला लागत्यात. खरा जंतू आला की वळखून धरत्यात."

"आन माज्या छातीत?"

"तुज्यात संप हाय."

माजी बायको हसली. माजी! लई जळलो.

जळणं तसं जुनंच. माजी तान्ही नात परी मी घेतली की रडती. अण्णाला ना बायको ना पोर, पर त्याच्याकडं गेली की गप. आन लस घेतल्यापासनं ह्यो गडी आमचा उंबरा चढंना. मी दारातनंच टोमणा हाणला, "काय सायेब, गरिबाचं घर दिसंना व्हय?"

अण्णा गल्लीच्या पल्याड, तोंडाला रुमाल. "एम लेदु," म्हणला. काय न्हाय, म्हणं. मग हळूच म्हणला, "बाई म्हणल्या, नाकातले जंतू जिते हैत. त्या सांगंपर्यंत तान्ह्या लेकरापास्नं लांब."

"मग घेतलीस कशाला?"

"धाकटी बहीण ह्याच खोकल्यानं गेली. शाळेतनं खोकला मीच आणलता. परत माज्यामुळं कुणाच्या पाळण्यात जायला नको."

शिंका कशापायी दाबायचा, ते तवा कळलं. मी हातातली बिडी पाठीमागं लपवली. बोट भाजलं.

काल बाईंनी हो म्हणलं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आला. परीला मीच त्याच्या मांडीवर दिली. पोरीनं थेट त्याचं नाक धरलं. माज्या एवढ्या मिशा हैत, त्यास्नी कधी हात लावला न्हाय!

अण्णाचे डोळे वाहायला लागले. पुसायला हात मोकळा न्हवता. शेवटी मीच पुसले, जळत जळत.