पायदाने उतरविल्या गाडीची डोंगरस्वारी

श्री. वाटेस लावणारी आणि वाटेवरोन सुखरूप परत आणणारी जी देवी, तिचे चरणी आधी मस्तक, मग लेखणी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, रविवार, ते दिवशी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. वाचणाराने हसावे, परंतु आधी थोडे भ्यावे.

कोणे एके राज्यी शिरीषराव म्हणोन धनी होते. राज्य तीन खोल्यांचे, रयत दोन माणसांची: पत्नी मृदुलाबाई आणि मातुश्री आऊसाहेब, वय वर्षे शहात्तर, गुडघे त्याहून जुने. पागेत एकच गाडी, सात आसनी, उंच, जीस लोक एसयूव्ही म्हणतात. बाजारहाट, लग्नेकार्ये, आऊसाहेबांचा दवाखाना, सारा भार तिजवरच. पुढे धन्यांनी फोनावर शूर लोकांच्या डोंगरस्वाऱ्या पाहिल्या, आणि चित्ती आले की ऐशी गाडी भाजी आणण्यात झिजवावी हे शोभत नाही, आणि मग तीस दोन बोटे उंच करविली, आणि खडबडीत टायर चढविले, आणि पोटाखाली लोखंडी पत्रा ठोकविला, आणि दगडास अडतील म्हणोन दोहों अंगांची पायदाने काढोन माळ्यावर टाकिली. ताकद मात्र पूर्वीप्रमाणे पुढील दोनच चाकांस होती. मृदुलाबाईंनी हे विचारिले, तों उत्तर आले, "तुला गाडीतलं काय कळतं?" हे उत्तर त्या राज्यात एकोणीस वर्षे चालत आले होते, आणि बाईसाहेबही डावे आसनी बसोन, पायाखाली नसलेला ब्रेक दाबीत, उग्या राहात आल्या होत्या.

मग देवीचे पठारास जाण्याची मसलत ठरली. पठारास चांगला डांबरी रस्ता आहे, एसटी जाते. परंतु धनी म्हणाले, "डांबरानं तर सगळेच जातात," आणि दक्षिणेकडील जुनी जंगलवाट धरिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरे काय! संगे साडू उमाकांतराव होते, बाईसाहेबांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, उत्साह दांडगा, अनुभव शून्य. आऊसाहेबांस घरचे स्टुलावरोन मागील डावे आसनी चढविले, आणि स्टूल दाराशीच राहिले, आणि कूच जाहले.

वाट पहिला कोस बरी होती, आणि मग अरुंद जाहली, आणि उजवे अंगास डोंगराची कपार आली आणि डावे अंगास दरी, ऐशी की खालील झाडांचे शेंडेच दिसावे. इतक्यात समोर गुडघाभर उंच दगडी पायरी आडवी आली. अलीकडे थोडी रुंद जागा होती तेथे गाडी थांबवून बाईसाहेब व उमाकांतराव पायरी पाहण्यास उतरले. बाईसाहेबांनी मागील दार उघडोन म्हटले, "आई, तुम्हीही उतरा." आऊसाहेबांनी खाली पाहिले, आणि म्हणाल्या, "पायदान कुठाय गं? उतरेन मी, पण परत चढवणार कोण? क्रेन आणलीये का?" आणि धनी म्हणाले, "बसू दे तिला. दोन मिनिटांचं काम आहे." मोठमोठी राज्ये याच दोन मिनिटांत बुडाली आहेत.

मग धन्यांनी जोर केला, आणि पुढील चाके पायरीस लागोन जागीच फिरली, आणि खडे उडाले, आणि रबराचा वास सुटला, आणि गाडी चढावयाची ती उलटी मागे घसरली, आणि घसरता घसरता तिचे बूड दरीकडे गेले. डावे मागील चाक कडेच्या भुसभुशीत मातीवर जाऊन थांबले. आऊसाहेब नेमक्या त्याच अंगास बसलेल्या. उजवी दारे कपारीस लागोन वीतभरही उघडेनात, आणि डावी उघडावी तर खाली दरी. मायलेक आत कोंडले गेले.

आता आपले मुलखाची रीत काय सांगावी! कोणाची गाडी मागेपुढे होताना दिसो, जाणारा येणारा प्रत्येक मनुष्य हात हलवून हुकूम देऊ लागतो, मग त्यास सायकलही का येत नसेना. रानातून गवताचे भारे घेवोन दोन बाया व एक म्हातारबा येत होते, त्यांनी भारे टाकिले आणि कामास लागले. मागून उमाकांतराव ओरडत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" म्हातारबा म्हणे, "फुडं घ्या सायेब, रेस द्या!" एक बाई म्हणे, "उजवीकडं मारा!" आणि दुसरी म्हणे, "अगं उजवीकडं कशाला, डावीकडं!" धन्यांस डावी कड दिसेना, आणि जो ओरडेल त्याचे ऐकोन ते स्टिअरिंग फिरवीत, आणि चाकाखालून मातीचे ढेकूळ सुटले, आणि ते खाली पडल्याचा आवाज बहुत उशिरा आला. आतून आऊसाहेब म्हणाल्या, "अरे शिरीष, काहीतरी हललं रे."

तेव्हां मृदुलाबाई त्या दगडी पायरीवर चढल्या. तेथून डावी दोन्ही चाके आणि वाटेची कड एके नजरेत दिसे. आणि एकोणीस वर्षांचा आवाज एकदम काढोन ओरडल्या, "गप्प बसा! सगळे गप्प!" उमाकांतरावांचे "येऊ द्या" अर्ध्यातच राहिले. मग बाईसाहेब धन्यांस म्हणाल्या, "अहो, माझ्या हाताकडं बघा. फक्त माझ्या."

"अगं, तुला गाडीतलं..."

"नाही कळत. पण चाक मला दिसतंय. तुम्हाला दिसतंय का?"

धन्यांनी डोळे बाईसाहेबांच्या हातावर लाविले. बाईसाहेबांनी हात धन्यांच्या उजवे अंगास वळविला, आणि धन्यांनी स्टिअरिंग तिकडे फिरविले, आणि हात खाली हलला तशी गाडी हळू मागे सरली, आणि मागील चाक कडेवरोन आत आले, आणि त्या श्वास सोडतात तोच बूड आत आल्यामुळे तोंड बाहेर गेले, आणि पुढील डावे चाक कडेस लागले, आणि कडेपलीकडे गेले. अर्धा टायर जमिनीवर, अर्धा वाऱ्यावर. थांबावे तर माती खचेल, आणि बोलावे तर धनी बिथरतील. तशात त्यांनी काचेआडून विचारिले, "जागा आहे ना?"

मृदुलाबाईंनी चार बोटे दाखविली. जागा एक बोटही नव्हती. जन्मात इतके मोठे खोटे त्या कधी बोलल्या नव्हत्या, आणि तेही हसऱ्या तोंडाने. मनात म्हणत होत्या, देवी, हा माणूस भित्रा आहे, हे मलाच ठाऊक, याचा हात कापला की दोघे गेले. हाताने मात्र सांगत राहिल्या, सरळ, मागे, अजून मागे. तोंडाने अगदी हळू, "येऊ द्या... येऊ द्या..." कोणी खोकलेदेखील नाही. गाडी वीत वीत मागे गेली, आणि चाक कडेच्या आत आले, आणि चारी चाके रुंद जागेवर टेकली, आणि त्या म्हणाल्या, "बस्स."

धनी उतरोन पुढे गेले. पाहतात तों कडेवर टायरची खूण अर्धीच उमटलेली. त्या खुणेपाशी बोटे टेकवोन म्हणाले, "मृदुला, तू चार बोटं दाखवलीस."

"हो."

"इथं कुठं होती चार बोटं?"

"नव्हती. खरं सांगितलं असतं तर तुमचा हात कापला असता. आत आई होत्या." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही होतात."

धन्यांनी वाटेतच बसकण मारिली आणि दोहों हातांनी तोंड झाकिले. आऊसाहेबांनी खिडकीतून डोके काढोन विचारिले, "काय झालं रे? पोचलो का?"

येणेप्रमाणे मोहीम फसली व माणसे वाचली. तिसरे प्रहरी डांबरी रस्त्याने, एसटीच्या मागोमाग, पठारास जाणे जाहले. देवीपुढे सर्वांनी हात जोडिले. दरीच्या कडेस मृदुलाबाईंचा जो हात दगडासारखा राहिला होता, तो तेथे जो कापू लागला तो आरती संपली तरी थांबेना. वर्तमान इतुकेच.