गाडी कुनाची?

सिनेमाच्या पडद्याला सलाम ठोकणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता आणि तो आमच्या गल्लीत राहत होता, हे मी अजूनही छाती पुढे काढून सांगतो.

नाव आप्पा खरात. मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. महायुद्धात फौजेबरोबर इटलीत लढून आले आणि सोलापुरात एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झाले. पंचाहत्तरच्या सुमाराला आमच्याकडे रविवारी सकाळी एक अमेरिकन सिनेमा लागू लागला. पोलीस, दरोडेखोर आणि पोलिसांच्या बुडाखाली दांडग्या मोटरसायकली. त्या पडद्यावर आल्या रे आल्या की आप्पा खुर्चीतून ताडकन उठत आणि सलाम करून उभे राहत.

"ओ मामा, खाली बसा की," मागून आरडाओरडा.

"बसतो की. गाडी जाऊ दे."

सलाम पोलिसाला नव्हता, गाडीला होता. तिथला पोलीस अमेरिकन असला तरी त्याची गाडी इटलीची होती, आणि हे सोलापुरात आप्पांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. सिनेमा सुटल्यावर बाहेर माझी उलटतपासणी चाले. मी शाळामास्तर, आयुष्यभर प्रश्न विचारले, उत्तरं द्यायची पाळी आप्पांनी आणली.

"गुरुजी, गाडी कुनाची?"

"इटलीची."

"मग अमेरिकेत कशी?"

हे उत्तर मात्र ते मला देऊ देत नसत. "दिली तितं. लेक चांगली आसली की लांबनं मागनी येती."

इटलीतल्या डोंगरात आप्पा ठाण्याठाण्यांतून निरोप पोचवत. सरकारनं दिलेली गाडी बर्फात बंद पडली, तेव्हा शत्रूकडून हाती लागलेली एक इटालियन गाडी साहेबानं त्यांच्या हवाली केली. तिच्या इंजिनाबाहेर भाकरीएवढं चाक गरगरत असे. "लई शानी. घाटात निस्तं पुडं बघायचं, बाकी ती बघायची." लढाई संपल्यावर ती जमा करावी लागली, आणि त्या दिवशी आपण जेवलो नाही, हे आप्पा मिशीवर हात फिरवत सांगत. सिनेमातल्या गाडीला ते तिची धाकटी बहीण समजत. सासरी नीट नांदते का, हे बघायला दर रविवारी जात, आणि शेवट जवळ आला की उठून बाहेर येत. शेवट मी पाहिला होता. त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

आप्पांना खरीखुरी लेकही होती. तारा. आई लहानपणीच गेलेली. तिला श्रीपूरला दिली होती, जावई साखर कारखान्यात. आप्पा महिन्याकाठी एसटीनं तिच्याकडे जात, पण खांद्याला फौजेतली पाण्याची बाटली अडकवून. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही जुनी रीत. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. तारा ताट वाढी, आप्पा अंगणातल्या बाजेवर बसून बाटलीतलं पाणी पीत आणि उपाशी परत येत. गल्लीत त्यांना हट्टी म्हणत. मीही म्हणत असे.

त्या वर्षी तारा नागपंचमीला माहेरी आली. आप्पांनी तिला आणि मला सिनेमाला नेलं. गाड्या आल्या, आप्पा उभे राहिले, मागून ओरडा झाला. तेव्हा ताराही पदर सावरून उभी राहिली. मागचे गप्प बसले. माझी छाती का फुगली, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शेवट आला. आप्पा उठले. तारानं त्यांचा हात धरला.

"बसा की आप्पा. शेवट बगू."

"शेवट बरा नसंल."

"नसंना का. मी हाय की शेजारी."

आप्पा बसले. पडद्यावर गाडी घाटात घसरली, दोन कोलांट्या खाऊन दरीत गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आप्पा दिवे लागेपर्यंत हलले नाहीत.

बाहेर रसाच्या गुऱ्हाळात बसल्यावर तारा बोलली. तिचा आवाज शांत होता.

"आप्पा, डाक्टरनं सांगितलंय, मला लेकरू व्हनार न्हाय. मालकांनी आयकलं, सासूनं आयकलं. कुनी मला टाकली न्हाय. तुमीच तेवडं अजून बाटली घिऊन येताय."

आप्पांनी रसाचा ग्लास बाजूला सारला. म्हणाले, "तारे, म्या पानी प्यालो तर त्याचा अर्थ काय हुतो? बापानं आशा सोडली. म्हनून पीत नव्हतो गं."

इतकी वर्षं ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो, ते हे होतं.

"आशा कशाची? मी हाय की. मी काय दरीत गेल्याली गाडी हाय?" तारा म्हणाली.

पुढच्या महिन्यात आप्पांनी मला श्रीपूरला चलण्याचा हुकूम सोडला. एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या खांद्याला बाटली नव्हती. मोडनिंब येईपर्यंत त्यांच्या घशाला कोरड पडली. मी स्टँडवर उतरून पाणी आणतो म्हणालो, तर हातानंच नको म्हणाले.

अंगणात बाज टाकलेली होती. आम्ही बसलो. तारा तांब्या घेऊन उंबऱ्यातून बाहेर आली आणि आप्पा ताडकन उठले. सरळ, ताठ, हात कपाळाला. जावई गोंधळला.

"मामा, बसा की."

"बसतो की. लेक येऊ दे."

ती आली. आप्पांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि ते उभ्यानंच, न थांबता, तळ दिसेपर्यंत प्यायले. मिशा ओल्या झाल्या, डोळेही. मग माझ्याकडे वळले.

"गुरुजी, लेक कुनाची?"

मी इतका चटकन उभा राहिलो की बाज कलंडली. "खरात आप्पांची," मी म्हणालो.

"आन् दिली कुटं?"

"श्रीपूरला."

"मग," आप्पा म्हणाले आणि पाट ओढून जेवायला बसले.