सेनापतींच्या रणगाड्याचे पोचे

एका जंगलात एक मुंगूस राहत होता. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. विचारणाऱ्यांना मी गोष्ट सांगत नाही. हं, मागची चुळबूळ बंद!

मुंगसाचं नाव अंतोबा. तो वीतभर लांबीचे लाकडी रणगाडे करायचा. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता धुरळा उडवत निघेल! आधी गंजाचा तांबूस रंग द्यायचा. त्यावर मिठाचे दाणे चिकटवायचे. वरून हिरवा रंग. तो वाळला की मीठ झटकायचं. जिथे दाणा होता तिथे रंगाचा टवका उडून गंज दिसायचा. धुराड्याला चुलीतली काजळी लावायची, चाकांना चाळलेली माती.

कुंचलाही घरचाच. आपल्या शेपटीतले चार केस उपटायचे आणि काडीला बांधायचे. मुंगसाच्या केसांसारखा बारीक कुंचला दुसरा नाही, असं कुठलाही चित्रकार सांगेल. मुंगसासमोर मात्र सांगणार नाही.

त्याचा नियम एकच होता. आपल्या मनाने एकही ओरखडा काढायचा नाही. खऱ्या गाड्याला जिथे असेल, तिथेच काढायचा.

एके दिवशी वाघमहाराजांनी त्याला बोलावलं.

"अंतोबा, लांडग्यांवरच्या विजयाला दहा वर्षं होताहेत. सेनापतींच्या रणगाड्याची नक्कल करून दे. हुबेहूब झाली, तर तू राजचित्रकार."

"आणि नाही झाली तर, महाराज?"

"तर शेपटी छाटू," महाराज अगदी प्रेमाने म्हणाले.

सेनापती होते बळवंतराव रानडुक्कर. त्यांनी तो रणगाडा दहा वर्षं अंगणात तसाच ठेवला होता. पुसायचा नाही, धुवायचा नाही. "विजयाचा चिखल आहे तो!" असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे लांबूनच नमस्कार करत. लांबून करत, म्हणून तर सगळं सुरळीत चाललं होतं.

अंतोबा भिंग घेऊन गेला. दिवसभर गाड्याच्या वर, खाली, आत, बाहेर फिरला. घरी आला तो भिंग हातात धरून उंबऱ्यावरच बसला.

"अहो, झालं काय?" त्याची बायको सगुणा म्हणाली.

"तोफगोळ्यांचे अकरा पोचे आहेत. अकराच्या अकरा मागच्या बाजूला. पुढे साधा ओरखडा नाही. आणि पुढच्या आकड्यात आपल्याच सशांच्या कुंपणाची तार अडकलीय."

"अगं बाई! म्हणजे सेनापती पळाले?"

"मी नाही म्हणत. गाडा म्हणतोय."

"मग तुम्ही पोचे पुढे काढा की! कोण मेलं बघायला जातंय?"

"हुबेहूब सांगितलंय, सगुणा."

"शेपटी एकच आहे हो आपल्याला!"

अंतोबाला भीती वाटत होती. फार वाटत होती. पण हात ऐकेना. त्याने अकरा पोचे मागे काढले आणि तारसुद्धा केसाएवढी बारीक करून लावली.

विजयदिनाला दरबार भरला. महाराजांनी नक्कल भिंगाखाली धरली. एक, दोन, तीन करत अकरा पोचे मोजले. मग गाडा फिरवून समोरून पाहिला. पुन्हा फिरवला.

"सेनापती, हे सगळे मागे कसे?"

"नक्कल चुकली, महाराज!" बळवंतराव गरजले. "छाटा शेपटी!"

तरस तलवार घेऊन पुढे आला. अंतोबाने शेपटी पोटाशी धरली.

"थांबा," महाराज म्हणाले. "अस्सल आणा."

दोन गव्यांनी रणगाडा ओढत आणला. महाराज त्याच्याभोवती फिरले. पोचा न् पोचा जुळत होता. तेवढ्यात एक म्हातारा ससा ओरडला, "अरेच्चा! ही तर आमची तार! दहा वर्षं शोधतोय!"

सगळा दरबार सेनापतींकडे बघू लागला.

आता महाराजांची पंचाईत बघा. दहा वर्षं विजयदिनाची सुट्टी चालू होती. शाळेत लढाईचा धडा होता. सेनापतींच्या छातीवरचं पदक तर महाराजांनी स्वतः लावलेलं.

"अंतोबा," महाराज शेवटी म्हणाले, "नक्कल हुबेहूब आहे."

अंतोबाचा जीव भांड्यात पडला.

"चूक अस्सलमध्ये आहे. तेवढी तू दुरुस्त कर. मागचे पोचे बुजव आणि पुढे अकरा काढ. जरा शूर दिसतील असे काढ. मग नक्कलही तशीच कर."

"पण महाराज, मी माझ्या मनाने कधी…"

"तुझ्या मनाने कशाला? आमच्या मनाने काढ."

तरस अजून तिथेच उभा होता. अंतोबाने शेपटीकडे पाहिलं, मग सगुणाकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, हो म्हणा.

तो हो म्हणाला. तुम्हीही म्हणाला असतात, उगाच शूरपणा दाखवू नका.

आता वीतभर गाड्याला एक कुंचला पुरतो. पण खरा रणगाडा घराएवढा! अंतोबा रोज शेपटीचे केस उपटायचा, रोज कुंचला झिजायचा. अकराव्या पोच्याला सावली देताना शेवटचा केस गेला. काम मात्र असं झालं की सेनापती स्वतःच पोचे कुरवाळत लोकांना सांगू लागले, "हा गोळा आला ना, तेव्हा मी तसूभर हललो नाही!"

अंतोबा राजचित्रकार झाला. त्याला शाल मिळाली. ती तो शेपटीला गुंडाळतो, कारण शेपटी शाबूत आहे, पण अगदी उघडीबोडकी. घरी एक वीतभर रणगाडा अर्धाच रंगवून पडलाय. अंतोबा त्याच्यासमोर बसतो आणि उठतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. हसताय काय?

काय म्हणालीस? केस परत येतील?

येतील ना, बाळ. पण महाराजांकडे असे आणखी सात रणगाडे आहेत.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं असेल तेच रंगवावं. फक्त खरं काय आहे, ते आधी विचारून घ्यावं.