हेंद्रिकरावांची शोकसभा

संशोधनाचा विषय जितका लांबचा, तितकं संशोधन निर्धोक असतं. हे सत्य आम्ही परतूरकर फार मोठी ठेच खाऊन शिकलो. आमच्या महाविद्यालयातल्या एका गृहस्थांनी 'परतूरची कापूस बाजारपेठ' हा विषय घेतला होता. तोंडी परीक्षेला मोंढ्यातले अडते येऊन मागच्या बाकावर बसले आणि कुणी न विचारता एकेक चूक सांगू लागले. ते गृहस्थ आता विमा विकतात. तेव्हापासून संस्थेचं धोरण पक्कं झालं: ज्या विषयातली चूक काढायला येणाऱ्याला पासपोर्ट लागेल, तोच विषय मंजूर.

या धोरणाचे शिल्पकार म्हणजे आमचे संशोधन मार्गदर्शक नरहर सर. सरांची डॉक्टरेट नॉर्वेच्या दीपगृहांवर आहे. (सरांनी समुद्र एकदाच पाहिला, कॉलेजच्या सहलीत, आणि तेव्हा ओहोटी होती.) त्या प्रबंधात आजवर कुणालाही चूक सापडलेली नाही. प्रबंधही सापडलेला नाही, पण तो मुद्दा वेगळा.

अशा या दूरदृष्टीतूनच कुंभार पिंपळगावच्या साहेबराव गुरुजींच्या मुलीला, मोनालीला, विषय मिळाला: 'डच उद्यानरचनेचा इतिहास व उद्यानरचनाकार'. मोनाली आमच्याकडे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. डॉक्टरेट झाली तर नोकरी कायम, न्हाई झाली तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर घरी, असा साधा सरळ हिशोब होता. गुरुजींनी तर गावात आधीच सांगून टाकलं होतं, "आमची मोनी डॉक्टर होऊन राह्यली."

इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. घोटाळा असा झाला, की पोरीनं खरंच संशोधन केलं.

तिनं डच भाषा शिकून घेतली. तिकडच्या दप्तरखान्यांना पत्रं लिहिली. सरळ कालवे, कापून चौकोनी केलेली झुडपं, पुढे फॅशन बदलल्यावर मुद्दाम वाकड्या केलेल्या वाटा, हे सगळं तिला तोंडपाठ. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि ही बाई स्टाफरूममध्ये कालव्यांच्या गोष्टी सांगायची. आम्ही सुसंस्कृत माणसं असल्यामुळे ऐकत नसू.

सहा वर्षं राबून तिला एक असा रचनाकार सापडला, ज्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नव्हतं. हेंद्रिक फान द वीर्ड. या गृहस्थानं एका जमीनदाराच्या बागेतला सरळ कालवा नागमोडी करून दिला, एवढीच एक ओळ एका जुन्या कागदात होती. मोनालीनं ती ओळ प्रबंधात दिली आणि खाली लिहिलं: 'यांच्याविषयी अधिक माहिती उपलब्ध नाही.'

नरहर सर कळवळले. "अगं, न्हाई माहीत असं लिहायला डॉक्टरेट कशाला लागते? ते तर बिगर डॉक्टरेटचं बी लिहिता येतं! एक आख्खं प्रकरण पाहिजे बघ यांच्यावर."

मंग मोनाली पुन्हा कामाला लागली आणि एका सकाळी तिला चर्चच्या नोंदीत त्याच्या मृत्यूची तारीख मिळाली. आनंदाच्या भरात तिनं स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'अखेर हेंद्रिक फान द वीर्ड यांच्या मृत्यूची नोंद मिळाली!'

आमचे हेडक्लार्क राधेश्यामजी ग्रुपचे ॲडमिन. त्यांनी 'मृत्यू' एवढं वाचून हात जोडले. पहिल्या माणसानं हात जोडले की बाकीच्यांनी मजकूर वाचायचा नसतो, तो मयताचा अपमान होतो. दुपारपर्यंत 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा खच पडला. एका पाहणीनुसार (पाहणी मीच केली) नव्वद टक्क्यांनी मजकूर न वाचता श्रद्धांजली वाहिली. उरलेल्या दहा टक्क्यांनी वाचून वाहिली, आणि चिंता त्यांची वाटते.

संध्याकाळी गेटवर फ्लेक्स लागला. हेंद्रिकरावांचा फोटो कुणाकडेच नव्हता म्हणून फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या पसंतीनं गॉगल घातलेला एक गोरा माणूस टाकला. त्याच्याखाली 'शोकाकुल' म्हणून आमचे अध्यक्ष सर्जेराव, त्यांचे बंधू, त्यांचे मेहुणे आणि होऊ घातलेले नगरसेवक यांचे फोटो होते. मयतापेक्षा शोकाकुल आकारानं मोठे असावेत, ही आमच्याकडची जुनी पद्धत.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी देऊन शोकसभा झाली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि ते बहारदार झालं असं लोक म्हणतात.

संस्थेच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका प्रेमलाबाई गहिवरून म्हणाल्या, "मला सख्ख्या बहिणीसारखं मानायचे हो! डोहाळजेवणाला आल्ते तेव्हा परसात स्वतःच्या हातानं कढीपत्ता लावून गेल्ते."

राधेश्यामजी म्हणाले, "बिलकुल साधा माणूस. बागेचं काम करावं तर त्यांनीच. खर्चा कमी, काम बराबर."

अध्यक्ष सर्जेराव शेवटी उठले. "मागल्याच महिन्यात फोन आल्ता. म्हणले, सर्जेराव, तब्येत सांभाळा. आन् स्वतःच गेले!" सभागृहात हुंदके फुटले. माझेही.

एवढ्यात मोनाली उभी राहिली. "सर, काय लावलंय हे? त्यांना जाऊन तीनशे वर्षं झालीत!"

सर्जेरावांनी रुमालानं डोळे पुसले. "व्हय गं पोरी. पण वाटत न्हाई ना, तीनशे वर्षं झाली असं."

सभेनंतर नरहर सर आनंदानं लाल झाले होते. सभेचं रेकॉर्डिंग होतं. एक सोडून बारा प्रत्यक्ष साक्षीदार! "मोनाली, तुझं प्रकरण झालं की गं तयार. नुसतं उतरवून काढ आन् दे."

"न्हाई सर," मोनाली म्हणाली. डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. "त्या माणसाबद्दल जगात एक खरी ओळ आन् एक तारीख, एवढंच हाय. ते बी मी नासवू?"

या आडमुठेपणाला नियमात औषध नव्हतं. 'माहिती उपलब्ध नाही' या वाक्यासह प्रबंध परत आला. साक्षी वाया जाऊ नयेत म्हणून त्या सर्जेरावांचे भाचे पार्थ यांना देण्यात आल्या. 'हेंद्रिकराव: जीवन आणि कार्य' या विषयात ते डॉक्टर झाले आणि मोनालीची जागा त्यांना कायमची मिळाली. कढीपत्त्याचं प्रकरण बाहेरच्या परीक्षकांना विशेष भावलं.

मोनालीला आम्ही रीतसर निरोप दिला. (शाल शोकसभेतलीच होती. हेंद्रिकरावांचे वारस न आल्यामुळे ती उरली होती.) साहेबराव गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. मुलीबद्दल लोक काय बोलतात ते ऐकायला आले होते ते. मी माईकवरून आवाहन केलं, मोनाली मॅडमविषयी कुणी दोन शब्द बोलावेत. सगळे एकमेकांकडे बघू लागले. सहा वर्षं ती आमच्याच टेबलावर डबा खायची, पण डब्यात काय असायचं तेही कुणाला सांगता येईना. सर्जेरावांनी वाकून माझ्या कानात विचारलं, "नाव काय म्हणले हिचं?" अखेर राधेश्यामजी उठले. "म्याडम चांगल्या होत्या," असं म्हणून बसले. गुरुजी बराच वेळ माईककडे बघत राहिले.

इतिवृत्त लिहिणं माझ्याकडेच होतं. मी प्रामाणिकपणे नोंद केली: 'यांच्याविषयी अधिक माहिती उपलब्ध नाही.'

आता तुम्ही आम्हाला नावं ठेवणार. खुशाल ठेवा. फक्त त्याआधी वर न बघता एवढं सांगा, मोनालीचं गाव कोणतं, आणि ती शिकवायची काय? राहू द्या, आठवणार न्हाई. पण प्रेमलाबाईंच्या परसात हेंद्रिकरावांनी काय लावलं होतं, ते बराबर ध्यानात आहे ना तुमच्या?