तीन धरा, एक सोडा

साल दोन हजार बावीस. मला त्र्याहत्तरावं लागलेलं. त्या जूनमध्ये आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत खराडे गुरुजी आले आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या रानातल्या कड्याला कान लावून उभे राहिले.

शाळेच्या मागं, माझ्या बांधाला लागून हा काळा दगड उभा आहे, तीन पुरुष उंच. शिराळ्याच्या वरच्या अंगाला आमचा मुलूख सगळा असाच, माती कमी आणि दगड लय. गुरुजी बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे, एक पाऊल सरकायचे, पुन्हा टकटक. मला वाटलं, शिक्षण जास्त झालं की असं होत असंल.

"गुरुजी, आत कोण हाय का?"

"पोकळ कुठं वाजतंय ते बघतोय. आमचे वडील मिरजेला तंबोऱ्याचे भोपळे असेच ठोकून घ्यायचे. भोपळा पोकळ चांगला, दगड पोकळ वाईट." मग हात जोडले. "आजोबा, शुक्रवारच्या पीटीच्या तासाला हा कडा मला द्या. पोरांना चढायला शिकवतो."

मी दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस, पण मला कोणी काही शिकवलेलं खपत नाही. म्हटलं, "आवं, शेरडांच्या मागं ह्यो कडा चढून-उतरून आमी म्हातारं झालो. त्याला मास्तर कशाला लागतोय?"

"पडला कितीदा?"

माझा डावा पाय ओढतो हे गावाला ठाऊक आहे. कशानं ओढतो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. गुरुजींनी नुसतं पायाकडं बघितलं, म्हणून मला हो म्हणावं लागलं. पण माझी नात अनुष्का त्याच शाळेत चौथीत होती, म्हणून अट घातली. "एका पोराचं ढोपर जरी फुटलं, तरी कडा बंद. माझा शब्द म्हंजी शब्द."

"मंजूर," गुरुजी म्हणाले.

पहिला महिनाभर त्यांनी एकाही पोराला गुडघ्याच्या वर चढू दिलं नाही. पोरं खेकड्यासारखी आडवीच सरकत होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बांधावर बसून बघणारी माणसं कंटाळून उठून गेली. आधी नखं तपासायची, मग बुटाची नाडी, मग मंत्र. "तीन धरा, एक सोडा!" माणसाला दोन हात, दोन पाय. तीन घट्ट असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, एवढीच त्यांची विद्या.

पण ही विद्या कड्यापुरती राहिली तर ते खराडे गुरुजी कसले! एसटीत चढणाऱ्या म्हातारीला तेच, शिडीवरच्या वायरमनला तेच. एकदा आमच्याकडं जेवायला होते. आमची मंडळी एका हातात तवा, दुसऱ्या हातात कालवणाचं भांडं घेऊन उंबरा ओलांडायला लागली, तर हे ताटावरनं ओरडले, "आजी, एक सोडा!" तिनं दचकून भांडंच सोडलं. गुरुजी त्या दिवशी कोरडी भाकरी खाऊन गेले, आणि जाताना म्हणाले, "तवा वाचला."

स्वतः मात्र ते कधी चढायचे नाहीत. पोराच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर पिंपरणीच्या झाडाला बांधलेल्या कप्पीवरून खाली, आणि ते टोक गुरुजींच्या कमरेला वळसा घालून त्यांच्या मुठीत. डोक्यावर शिरस्त्राण, पाय जमिनीवर. मी एकदा सगळ्या पोरांदेखत विचारलं, "तुमी का वो चढत न्हाई?"

"मला उंचीची भीती वाटते," गुरुजी म्हणाले. अगदी सरळ, तहान लागली म्हणावं तसं.

मी हे पारावर सांगितलं. आठ दिवस हसू पुरलं. "गड्या, हे म्हंजी पाण्याला भिणाऱ्यानं पवायला शिकवल्यागत झालं!"

दोर माझ्याच पडवीत खुंटीला असायचा, कडा जवळ म्हणून. शुक्रवारी तांबडं फुटायला गुरुजी येऊन तो घेऊन जायचे. उन्हाला टाकत असतील, असं मी धरून चाललो.

मग खंडेनवमी आली. विळा, पहार, औषध मारायचा पंप सगळं धुऊन पाटावर मांडलं, आणि दोरही मांडला. आमच्या तरुणपणी विहिरीवर मोट ओढायच्या नाड्याला दसऱ्याला तेल असायचंच. दोर कोरडा ठेवणं म्हणजे बैल उपाशी ठेवणं. मी वाटीभर करंजेल घेतलं आणि दुपारभर बसून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळलं. हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. गुरुजींना सांगितलं नाही. म्हटलं, हाताला लागंल तेव्हा कळू दे, अडाणी माणसालाही काही येतं.

शुक्रवारी पहाटे मी वैरणीला बांधावर गेलो, तर कड्याच्या बाजूनं धप्पकन आवाज आला. जाऊन बघतो तर गुरुजी खालच्या वाळूत बसलेले. कप्पीवरनं आलेल्या दोराचं एक टोक खालच्या कडुलिंबाच्या बुंध्याला बांधलेलं, दुसरं हातात. दोन्ही तळवे सोललेले.

"आवं, हे काय?"

"काही नाही. पोरं यायच्या आधी दर शुक्रवारी एकदा दोराला धरून वर जाऊन येतो. ज्या दोराला मी लोंबकळलो नाही, त्याला पोर बांधायचं नाही."

"तुमाला तर भ्या वाटतं!"

"वाटतं की. डोळे मिटून जातो."

"आन् तुमचा दोर कोण धरतं?"

गुरुजी हसले. "मला कोण धरणार? लिंब धरतो."

त्यांनी तळव्याचा वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि बोटाची हळद विजारीला पुसली. त्या दिवशी चढायच्या यादीत पहिलं नाव अनुष्काचं होतं. ती तीन पुरुष वर असती आणि दोर गुरुजींच्या मुठीतनं सरकला असता. मी तिथंच वाळूत खाली बसलो.

पोरं आली. अनुष्का म्हणाली, "गुरुजी, हाताला काय झालं?"

"माझं चुकलं गं. तीन धरले नाहीत. आज सगळे आडवे चला, खेकडे!"

मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, तुमची अट पोरांच्या ढोपराची होती. माझ्या हाताची नव्हती. कडा चालू ठेवायचा ना?"

मी नुसती मान हलवली. एवढ्या वर्षांत माझी चूक कोणी अशी झाकून घेतली नव्हती. गुरुजी म्हणाले, "हा दोर आता बाद. खोलीवर दुसरा आहे पेटीत. उद्या पहाटे बघतो तो."

रात्री मंडळी म्हणाली, "जेवत का न्हाई?" मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी तळव्यांना फडकी बांधून नवा दोर घेऊन आले, तेव्हा मी कड्याखाली उभा होतो. त्यांनी कप्पीतनं दोर ओवून आणला, एक टोक लिंबाला बांधलं. मी ती गाठ सोडली. मोटेचा नाडा धरायचो तसा दोर कमरेला वळसा घालून दोन्ही मुठीत घट्ट धरला, आणि म्हटलं, "गुरुजी, पट्टा बांधा आन् चढा. डोळे उघडे ठिवून. तेल मीच लावलं हुतं."